चि. टेक यांच्या लग्नाची भिंत

मुन्नालाल रामटेके यांना इंग्रजीचं एक अक्षर वाचता येत नाही, आणि मी बारा वर्षं इंग्रजी शिकवते आहे. तरी ‘टेक’ या क्रियापदाचे अर्थ आमच्या शाळेत नीट कोणी शिकवले असं विचाराल, तर ते मुन्नालाल पेंटरांनी. हे लिहिताना मला थोडी लाज वाटते आणि त्याहून जास्त हसू येतं. हसू आवरून सांगायचा प्रयत्न करते, हमी देत नाही.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी, सौंदड स्टेशनपासून चार किलोमीटरवरच्या एका टोल्यात, म्हणजे छोट्या वस्तीत. टोल्याचं नाव सांगत नाही, कारण आमचे मुख्याध्यापक दुर्गाप्रसाद सर अजूनही त्या शुक्रवारचा विषय निघाला की पाण्याचा ग्लास मागतात. मुलं एकोणतीस, शिक्षक दोन: सर आणि मी, चेतना. मी मूळची भंडाऱ्याची. सौंदडला खोली घेऊन राहते आणि स्कूटीनं ये-जा करते. टोल्यातल्या चालीरीती मला कळतात असा माझा समज होता. तो किती पोकळ होता ते पुढे येईलच.

मुन्नालाल याच टोल्यातले. वय बासष्ट, अंगानं काटक, मिशा पांढऱ्या आणि त्यांत कायम कुठला ना कुठला रंग लागलेला. मिशीवरून आज कोणतं काम चालू आहे ते ओळखावं: हिरवी असली तर ट्रॅक्टरची ट्रॉली, निळी असली तर जयंतीची कमान. तरुणपणी गोंदियात ट्रकच्या बॉडीवर नावं घालणाऱ्या एका उस्तादाकडे ते शिकले. अक्षर त्यांच्यासाठी चित्रच. मराठी वाचता येतं म्हणून मराठी अक्षराचं चित्र जरा जिवंत निघतं, इंग्रजीचं हुबेहूब निघतं, एवढाच फरक. भिंतीकडे एकदा पाहिलं की ‘हिच्यात अडीचशे अक्षरं बसते’ असं सांगतात आणि अडीचशेच बसतात. मी दोनदा मोजून पाहिलंय. मला दुसरा काही उद्योग नसतो असं समजा.

पण त्यांचं खरं नाव झालं ते लग्नाच्या भिंतींनी. इकडे लग्न ठरलं की घराची दर्शनी भिंत रंगवतात. ‘चि. अमुक संग चि. सौ. कां. तमुक’, तारीख, वेळ, स्थळ. मुन्नालाल एवढ्यावर थांबत नसत, अख्खी पत्रिका भिंतीवर उतरवत: आशीर्वाद, निमंत्रक, स्वागतोत्सुक, मित्रपरिवार आणि तळाला पोरांची किलबिल. बौद्धांच्या घरी वर पिंपळाचं पान, हिंदूंच्या घरी कलश, आणि दोन्हींकडे कडेला सारसाची जोडी, मान वर केलेली. नावांचा क्रम चुकायचा नाही. एकदा कोण्या केशोरावांचं नाव, नवरीचे सख्खे मामा असून, आत्याच्या नवऱ्याच्या खाली पडलं, तर ते मामा मांडवाच्या बाहेर बाजेवर जाऊन बसले. हळद लागायच्या आत मुन्नालालनी भिंत पुन्हा रंगवली तेव्हा कुठे मामा उठले. तेव्हापासून कोणतंही नाव लिहायच्या आधी ते विचारतात, ‘हे कोन होय, अन् मानानं कोनाच्या वर होय?’

मग फ्लेक्स आला. आणि तो मुन्नालालच्या घरातूनच आला. मुलगा संघदीप शिकला आणि त्यानं गोंदियाजवळच्या कुडव्यात फ्लेक्स छपाईचं दुकान टाकलं. बापाचा धंदा पोरानंच बुडवला, असं टोल्यात लोक हसत हसत म्हणतात. मुन्नालालही हसतात, पण मिशीतल्या मिशीत. टोल्यातली शेवटची लग्नाची भिंत सहा वर्षांपूर्वी रंगली.

संघदीप वाईट मुलगा नाही. बापाच्या गुडघ्यांची काळजी त्यालाच जास्त. “बाबा, बासष्ट वर्षाचे झाले तुमी, शिडीवर चढून राहिले,” तो म्हणायचा. “कोन वाचते आता तुमची भिंत? सारे मोबाइलात पाहून राहिले.” शिडीचं मुन्नालालना काही वाटलं नाही. ‘कोन वाचते’ हे मात्र वर्मी लागलं.

तेवढ्यात आमच्या केंद्रातल्या बारा शाळांच्या भिंती ‘बोलक्या’ करायचा आदेश आला. म्हणजे भिंतींवर शब्द, अर्थ, चित्रं. मुलांनी येता-जाता वाचावीत. सरांनी आमची भिंत मुन्नालालना दिली. संघदीपनं बाकीच्या अकरा शाळांसाठी केंद्रप्रमुख साहेबांकडे फ्लेक्सचा नमुना दिला. साहेब सात मार्चच्या शुक्रवारी दुपारी बाराला येऊन भिंत पाहणार आणि मग अकरा शाळा ब्रशला द्यायच्या की फ्लेक्सला ते ठरवणार. बापलेकांत शर्त लागली. शाळा फ्लेक्सला गेल्या तर मुन्नालालनी ब्रश धुऊन बांधून ठेवायचे ते कायमचे, आणि कुडव्याला जाऊन दुकानात कूलरसमोर बसायचं.

“बसून करू काय?” मुन्नालालनी मला विचारलं होतं. “मशीन छापते. मी का मशीनकडे पाहत बसू?” त्यांचा चेहरा पाहून मला भरून आलं होतं. मी म्हटलं, काही होत नाही, आपण भिंतच अशी करू की साहेब बघत राहतील. साहेब बघत राहिलेच. तिकडे येतेच.

सरांनी ठरवलं, भिंतीवर एक इंग्रजी क्रियापद घ्यायचं आणि त्याचे सगळे समानार्थी शब्द. मी गाइड उघडलं, बोट ठेवलं, ‘टेक’ निघालं. कागदावर वर टेक लिहिलं, खाली रांगेनं रिसीव्ह, ॲक्सेप्ट, ग्रॅब, स्नॅच, सीझ, कॅरी, बेअर, बाय, ॲडॉप्ट, स्टील. कागद मुन्नालालच्या हाती दिला आणि माझं काम झालं असं मानून मोकळी झाले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ते कागद घेऊन व्हरांड्यात येऊन बसले.

“मॅडम, हे सारे कोन होत?”

“शब्द आहेत भाऊ. टेकचे समानार्थी. सगळ्यांचा अर्थ एकच, घेणे.”

त्यांनी कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “सारे एकच हायेत, तं इतके काऊन हायेत?”

बारा वर्षांत हा प्रश्न एकाही मुलानं विचारला नव्हता, कारण मी कधी विचारू दिला नव्हता. ‘टेक म्हणजे घेणे, लिहून घ्या, पाठ करा’ एवढीच माझी शिकवणी.

“मंग मी लिहू कसा?” ते म्हणाले. “एकाखाली एक लिहिले तं वर कोनाले घेऊ? उद्या भांडन होईल.”

“शब्दांची भांडणं होत नाहीत भाऊ.”

“मामाची होते म्हनून कोनाले वाटलं होतं?”

मी खिचडीची ताटली घेऊन त्यांच्याशेजारी बसले आणि एकेका शब्दाचा स्वभाव सांगायला लागले. आधी चेष्टेनं, मग हळूहळू मलाच त्यात रस यायला लागला.

“रिसीव्ह म्हणजे हातात येणं. पत्र आलं, तुम्ही रिसीव्ह केलं. ॲक्सेप्ट म्हणजे मनापासून घेणं, पत्करणं.”

“दोघी बहिनी दिसतेत. मोठी ॲक्सेप्ट.”

“का बरं?”

“हातात तं कोनाच्याही येते जी. मनानं घेते ते मोठी.” कागदावर त्यांनी पेन्सिलीनं लिहिलं: मोठी आत्या, लहान आत्या.

“ग्रॅब म्हणजे झडप घालून घेणं. स्नॅच म्हणजे दुसऱ्याच्या हातातून हिसकणं.”

“हे मामे होत,” मुन्नालाल एका क्षणात म्हणाले. “एक पंगतीत बुंदीच्या टोपल्यावर पडते, दुसरा शेजारच्याच्या पत्रावळीतलं उचलते. आमच्या घरी दोघं होते असे.”

मला खिचडीचा ठसका लागला. देवकाबाई, आमच्या शाळेचा पोषण आहार शिजवणाऱ्या, हातात उचटणं घेऊन येऊन उभ्या राहिल्या आणि तिथून हलल्याच नाहीत.

सीझ म्हणजे जप्त करणं, हे ऐकल्यावर त्याला ‘फौजदार काका’ म्हणून मानाची खुर्ची मिळाली. कॅरी, वाहून नेणारा, तो धाकटा भाऊ. लग्नात सतरंज्या आणि पाण्याचे पिंप तोच उचलतो, देवकाबाई म्हणाल्या, आणि जेवायला शेवटी बसतो. बाय, विकत घेणारा, मित्रपरिवारात गेला. बेअरपाशी मी अडखळले. “बेअर म्हणजे सोसणं. घेऊन गप्प राहणं,” मी म्हटलं.

“हे माय होय,” देवकाबाईच बोलल्या. “नवरदेवाची माय. लिव्हा.”

मुन्नालालनी लिहिलं. मग त्यांनी ॲडॉप्टवर बोट ठेवलं. मी सांगितलं, दुसऱ्याचं लेकरू आपलं म्हणून घेणं. त्यांनी ते नाव सगळ्यांच्या वर, आशीर्वादाच्या जागी नेऊन ठेवलं. “ह्याच्या वर कोनी नाही बसत,” एवढंच म्हणाले.

राहिला स्टील. “चोरून घेणं,” मी म्हटलं.

“चोट्टा? चोट्ट्याचं नाव पत्रिकेत कायले टाकाचं?” मुन्नालाल उखडलेच. मी म्हटलं, पण आहे तो या घराण्यातलाच. ते म्हणाले, घराण्यात असते जी, पत्रिकेत नसते. शेवटी तोड निघाली: स्टीलला चौकटीच्या बाहेर, मोहाच्या झाडामागून डोकावताना काढायचं. बोलावलेला नाही, पण आलाय.

आणि नवरी? नवरदेव टेक, तर संग कोण? “घेणे,” ते म्हणाले. “आपल्याकडची पोरगी. तो इंग्रजी, हे मराठी. जोडा बरा दिसते.” मला इतकं हसू आलं की सर ऑफिसातून बाहेर आले, आणि मी गंभीर चेहरा करून सांगितलं, सर, समानार्थी शब्दांवर चर्चा चालू आहे.

आठ दिवस भिंत रंगत होती. चुन्यात नीळ घालून पांढरी स्वच्छ केलेली, वर लाल अक्षरांत ‘चि. टेक संग चि. सौ. कां. घेणे’. खाली सगळं गणगोत, प्रत्येकाचं इंग्रजी नाव चित्रासारखं कोरून काढलेलं, त्याखाली मराठीत नाव आणि अर्थ. ग्रॅबमामांच्या हातात बुंदी. बेअरआईच्या डोक्यावर पदर आणि कडेवर, हातात, पायाशी, सगळीकडे काहीतरी. दोन्ही बाजूंना सारस. किलबिलमध्ये चौथीच्या सातही पोरांची नावं, ‘आमच्या टेकदादाच्या लग्नाला यायचं हं!’ मुलं मधल्या सुट्टीत खिचडीचे डबे घेऊन भिंतीसमोरच बसायला लागली. स्नॅचमामांची नक्कल करून एकमेकांचे डबे हिसकायला लागली, तेव्हा मला छडी शोधावी लागली. अर्थ मात्र पक्का समजला होता, हे मान्य करते.

मंगळवारी संध्याकाळी मी पाहिलं तर तळाचा दीड हात पट्टाही भरलेला. ‘दि. ७ मार्च, शुक्रवार, दुपारी १२ वाजता. स्थळ: शाळेचे पटांगण. आपले नम्र: मुख्याध्यापक व शिक्षकवृंद.’

“हे काय भाऊ?”

“खालचा पट्टा रिकामा राहत नाही मॅडम. तारीख नसली तं लगन मोडल्यावानी दिसते. साहेब येनार ते तारीख टाकली.”

मला वाटलं, काय गोड माणूस आहे. साहेबांनाही आपल्या भेटीची तारीख रंगवलेली आवडेल. मी मोबाइलवर फोटो काढला आणि निघून आले. भंडाऱ्याच्या बाईची अक्कल ही एवढी.

कारण या टोल्यांतली रीत अशी, की पत्रिका जाते दूरच्या पाहुण्यांना, आणि गावाला भिंत बोलावते. भिंत रंगली, तारीख पडली, म्हणजे सगळ्यांना आमंत्रण पोचलं. घरोघर सांगत कोणी फिरत नाही, आणि न बोलावता कसं जायचं असंही कोणी म्हणत नाही. आमची भिंत रस्त्यावरची. पलीकडच्या दोन टोल्यांतली माणसं सौंदडच्या बाजाराला तिच्यासमोरूनच जातात. हे मला कोणी सांगितलं नाही. मुन्नालालना माहीत होतं, पण ते माहीत असणं त्यांच्या हातात इतकं भिनलेलं की डोक्यापर्यंत आलंच नाही.

शुक्रवारी अकराला पहिली बैलबंडी आली.

तीतून चार बाया उतरल्या, नवी लुगडी नेसलेल्या. मग एक ऑटो. मग मोटारसायकली. कोणाच्या हातात स्टीलचा डबा, कोणाच्या हातात साडीचं पाकीट, एकाच्या डोक्यावर चक्क प्रेशर कुकर. म्हातारे श्यामलालभाऊ, ज्यांना दोन हातांपलीकडचं दिसत नाही, सुनेचा हात धरून आले आणि त्यांनी सरांना मिठी मारली. “बरं केलं सर, आमाले इसरले नाही.”

सर माझ्याकडे बघायला लागले. मी भिंतीकडे बघायला लागले. आणि तिथल्या तिथे मला सगळं कळलं आणि मी तोंडात पदर कोंबला.

“कोणाचं लग्न आहे हो?” मी एका बाईंना हळूच विचारलं.

“तुमच्याच घरचं ना! टेक का काय नाव लिव्हलं हाय.”

“नाव वेगळं नाही वाटलं?”

“आता सारी अशीच ठेवतेत बाई. माह्या नातवाचं नाव रियांश हाय. इचारलं का म्या कोनाले अर्थ?”

पाऊण तासात सत्तर माणसं झाली. देवकाबाई धावत आल्या. “मॅडम, तीस जनाची खिचडी शिजवून राहिली मी. ह्या वऱ्हाडाले काय घालू?” सर खांबाला धरून उभे होते. आणि मुन्नालाल कुठेच दिसेनात.

ते सापडले पाण्याच्या टाकीमागे. उकिडवे बसलेले, दोन्ही हात डोक्यावर. “गेलं जी मॅडम,” ते म्हणाले. “साऱ्या गावासमोर सरांची इज्जत गेली अन् माहा ब्रश गेला. त्या पट्ट्यानं घात केला.” मला त्यांची दया आली आणि त्याच वेळी कुकरवाला माणूस आहेर कुठे ठेवायचा म्हणून विचारत फिरताना दिसत होता, त्यामुळे हसूही फुटत होतं. असली वेळ माझ्यावर पुन्हा न येवो.

बरोबर बाराला केंद्रप्रमुख साहेब मोटारसायकलवरून आले. उतरतात तोच दोन बायांनी त्यांना घेरलं, कुंकू लावलं, डोक्यावरच्या हेल्मेटवरच अक्षता टाकल्या. त्यांच्यातल्या आजीनं साहेबांना खालून वर न्याहाळलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “नवरदेव हाच का? उमर गंज दिसते जी, पार बुढा.”

साहेबांनी हेल्मेट काढलं. टाळूवरून तांदूळ ओघळले. “दुर्गाप्रसाद सर,” ते म्हणाले, “हे काय आहे?”

सरांनी खांब आणखी घट्ट धरला. मग मीच पुढे झाले. तपासणीच्या नमुन्यात एक रकाना असतो, जो आम्ही दरवर्षी काहीतरी खोटंनाटं लिहून भरतो. तो अचानक आठवला. “सर, लोकसहभाग,” मी म्हटलं.

साहेबांनी सत्तर माणसांकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, तारीख वाचली. चेहरा हलेना.

तेवढ्यात मंडळींत कुजबुज वाढली की नवरदेव दाखवा. आमच्या चौथीच्या प्रेरणाला कोणी काही सांगितलं नव्हतं. ती मुलगी तशी कोणाचं ऐकतही नाही. तिनं माझी छडी उचलली, भिंतीसमोर उभी राहिली आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, “नवरदेव इकडे हाय! हा टेक. ह्याच्या घरचे सारे घेतेत, पन सारे येगयेगळं घेतेत!”

आणि तिनं एकेकाची ओळख करून दिली. ॲक्सेप्टआत्या मोठी, मनानं घेते. रिसीव्हआत्याच्या नुसतं हातात येते. ग्रॅबमामा झडप घालते. स्नॅचमामा म्हटल्यावर सातही पोरं एकमेकांवर तुटून पडली आणि वऱ्हाड हसून हसून वाकलं. “आमच्याकडचा होय हा!” कोणीतरी ओरडलं, आणि ज्याच्याकडे बोट झालं तो लाजला. फौजदार काकांना टाळ्या पडल्या. बेअरआईची ओळख झाली तेव्हा बायांनी डोक्यावरचा पदर सावरला. कुंकू लावणारी आजी पुढे गेली आणि भिंतीवरच्या त्या चित्राच्या कपाळाला तिनं कुंकवाचं बोट लावलं. तो डाग अजून आहे, आणि तो पुसायची माझी हिंमत नाही.

“आणि हा झाडामागचा कोण?” साहेबांनी विचारलं. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच इतका बारीक ऐकला.

“तो स्टील. चोट्टा हाय. बिनबोलावता आला.”

साहेब हसले. आधी नाकातून, मग पोट धरून. मग त्यांनी खुर्ची नाकारली आणि पंगतीत मांडी घातली.

पंगत कशी झाली विचारू नका. लग्नाला येऊन उपाशी जायचं नसतं आणि यजमानाला उघडं पाडायचं नसतं, एवढं या बायांना पुरेपूर कळतं. अर्ध्या तासात टोल्यातून तांदूळ, टमाटे, कांदे आले, आहेराचा कुकर तिथेच उद्घाटन होऊन चुलीवर चढला. खिचडीचं दुसरं पातेलं लागलं. याच सुमाराला संघदीप आला, काखेत फ्लेक्सची गुंडाळी घेऊन. साहेबांनी त्याला नमुना दाखवायला बोलावलं होतं. श्यामलालभाऊंनी त्याच्या दंडाला धरलं. “तू नवऱ्याकडला ना रे? उभा काय हाय? वाढ.” पाच मिनिटांत पोराच्या हातात बादली होती आणि गुंडाळी देवकाबाईंनी चुलीपासून वारा अडवायला लावली होती.

मी टाकीमागे गेले. मुन्नालाल अजून तिथेच.

“चला, जेवायला.”

“मले तिकडे नेऊ नका मॅडम. सांगा फक्त, कोन कोन आलं?”

मी नावं सांगायला लागले. पलीकडच्या टोल्यातल्या बाया. बंडीवाले. श्यामलालभाऊ.

“श्यामलालभाऊ? त्यायले तं दिसत नाही.”

“सुनेनं वाचून दाखवली म्हणे. रस्त्यात उभी राहून, पहिल्यापासून शेवटपर्यंत.”

“भिंत वाचून आले?”

“भिंत वाचूनच आले भाऊ. दुसरं कोण बोलावणार होतं?”

ते माझ्याकडे बघत राहिले. मग मिशीवरून, लाल-निळ्या रंगावरून, पाणी ओघळायला लागलं. “सहा वर्षं झाले मॅडम,” ते म्हणाले. “मले वाटे, कोनी वाचत नाही. मी लिहिलं, अन् लोकं आले जी. लोकं आले.” ते रडत होते आणि हसत होते, आणि मीही, कारण तिकडून प्रेरणा एका म्हाताऱ्या बुवांना ‘तुमी ग्रॅब करून राहिले, रिसीव्ह करा’ असं दरडावताना ऐकू येत होती.

जेवण झाल्यावर साहेबांनी हात धुतले आणि शेरेबुक मागितलं. सगळे भोवती उभे. संघदीप बादली घेऊन, मुन्नालाल माझ्यामागे. साहेबांनी संघदीपला विचारलं, “तुझा नमुना कुठे आहे?” चुलीकडून राखेनं माखलेली गुंडाळी आली. त्यानं ती उघडली नाही.

“राहू द्या साहेब,” तो म्हणाला. “माहा फ्लेक्स पाहून एक मानूस नाही आला आजवर. बाबांची भिंत पाहून आंधळा मानूस आला.”

साहेबांनी लिहिलं आणि सरांनी मोठ्यानं वाचलं: भिंत उत्तम. केंद्रातील उर्वरित अकरा शाळांत याच कारागिराकडून करून घ्यावी. तारीख व आपले नम्र त्वरित पुसावे.

सरांनी पाण्याचा ग्लास मागितला. संघदीप चुन्याचा डबा आणि मोठा ब्रश घेऊन तळाच्या पट्ट्याकडे निघाला. आता साहेबांचा हुकूमच होता. मुन्नालालनी त्याचा हात धरला.

“नको पुसू.”

“बाबा, साहेबानं लिहिलं हाय ना.”

“साहेबाले मी सांगतो. लोकं आले, जेवले, आशीर्वाद देऊन गेले. लगन लागलं. लागलेल्या लगनाची तारीख कोनी पुसत नाही.”

साहेबांनी हेल्मेट घातलं, त्यातून उरलेले दोन दाणे पडले, आणि त्यांनी काहीच ऐकलं नाही असं दाखवत किक मारली.

संघदीपनं डबा खाली ठेवला. “उद्या कोनत्या शाळेत जाचं हाय, बाबा?” तो म्हणाला. “शिडी मी धरतो. दुकान दुपारून उघडतो.”